फाटकावरचा चहा

निवडणूक आली की ऑस्ट्रेलियातल्या यारंबिन गावात, जिथे मतदान व्हायचं त्या शाळेच्या फाटकाला दोन बाजू फुटायच्या. डावीकडे लाल शर्टातला डेस हॅनरहन, उजवीकडे निळ्या शर्टातली वर्ना पास्को. तो लेबर पक्षाचा, ती लिबरल पक्षाची. मतपत्रिकेवर कुणापुढे पसंतीचा एक आकडा लिहायचा, कुणापुढे दोन, हे छापलेल्या चिठ्ठ्या दोघं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात कोंबायचे. चांगली एकेचाळीस वर्षं!

वर्नाला गाव तोंडपाठ होतं. रुळांपलीकडची बिस्किट कारखान्यातली माणसं लेबरची, टेकडीवरची मोठाल्या व्हरांड्यांची घरं लिबरलची. चर्च स्ट्रीटवाले मात्र आतल्या गाठीचे. दोघांच्याही चिठ्ठ्या घेणार, गोड हसणार आणि आत जाऊन काय करायचं ते करणार. मतदानाच्या दिवशी मैदानावर सॉसेजबरोबर कांदा चुरचुरायला लागला की सगळं गाव नटूनथटून यायचं. काय दिवस होते! आता कारखाना बंद पडलाय, आणि निम्मं गाव आठवडाभर आधीच कुठल्यातरी दुकानाच्या गाळ्यात जाऊन मत देऊन मोकळं होतं. त्यात कसली आलीय मजा?

फाटकाचा एक नियम होता. शाळेतली मतं मोजल्यावर ज्याचा पक्ष मागे पडेल, त्याने पुढच्या निवडणुकीला थर्मास भरून चहा आणायचा. डेसचा चहा म्हणजे निव्वळ काढा. वर्ना तोंड वाकडं करून तो प्यायची आणि दुसरा कपही मागायची.

या शनिवारी मतदान होतं, पण डावी बाजू रिकामीच होती. कुंपणापाशी चिठ्ठ्यांचं लाल खोकं ठेवून डेसची लेक कॉलीन घाईघाईने निघाली होती.

"बाबांचं काही खरं नाही, वर्नामावशी. दवाखान्यात आहेत. सकाळपासून एकच धोशा, फाटकावर आपलं कोण आहे? पक्षाकडे माणूस नाही. काय सांगू मी त्यांना?"

"माणूस आहे म्हणून सांग," वर्ना बोलून गेली, आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं.

खोक्याकडे बघताना तिला नव्वद साल आठवलं. भर दुपारी निरोप आला होता, की तिचा नवरा लिंडसी कामावर छातीत कळ येऊन पडला. हातातल्या चिठ्ठ्या तिथेच टाकून ती धावत सुटली. मागून डेस ओरडला होता, "जा तू! तुझं दुकान मी बघतो!" अडीच तास त्याने दोन्ही चिठ्ठ्या वाटल्या. "ही आमची, ही त्या बाईंची," असं प्रत्येकाला सांगून. लिंडसी वाचला. लेबर मात्र शाळेत सात मतांनी मागे पडलं. डेसच्या लोकांनी त्याला फाडून खाल्लं, पुढची सहा वर्षं कुणी धड बोललं नाही. वर्नाला हे सारं कळलं ते तिसऱ्याकडून. डेसने कधी चकार शब्द काढला नाही.

वर्नाने लाल खोकं उघडलं.

"ही आमची, ही हॅनरहनची," असं चाललेलं असताना लिबरलच्या प्रचाराची व्यवस्था बघणारी टॅमसिन गाडीतून उतरली आणि बघतच राहिली. "वर्ना! अहो, हे काय चालवलंय? एकेका मताची मारामार आहे इथे!"

"मतं मोजायला मला नको शिकवूस, बाई. तुझा जन्म नव्हता तेव्हापासून उभी आहे इथे."

"पण आपण हरलो तर?"

"तर हरू!" वर्ना ताडकन म्हणाली. पण हरायचं तिलाही नव्हतं, खोटं कशाला बोला. एकेचाळीस वर्षं निळा शर्ट काय उगाच घातला होता? तेवढ्यात चर्च स्ट्रीटची एक बाई थांबली. "वर्ना, तुम्हीच सांगा, कुठली घेऊ?" लाल चिठ्ठी वर्नाच्या बोटांत क्षणभर अडकून राहिली. कोण बघतंय? एक शब्द टाकला की काम झालं.

"दोन्ही घ्या," वर्ना म्हणाली, "आणि आत जाऊन तुमचं तुम्ही ठरवा."

संध्याकाळी शाळेतली मतं मोजली. लिबरल अकराने मागे. टॅमसिन गाडीचं दार आपटून निघून गेली.

रविवारी सकाळी वर्ना दवाखान्यात गेली. डेसचा पार सांगाडा झाला होता. डोळे तेवढे तसेच मिश्कील.

"फाटकावर कोण होतं?"

"मीच. दोन्हीकडे."

"आणि मतं?"

"अकराने जिंकलास, मेल्या."

"मग पुढचा चहा तुझा, बाईसाहेब."

पुढची निवडणूक तीन वर्षांनी. तोवर डेस नसेल, हे दोघांनाही कळत होतं. वर्नाने पिशवीतून थर्मास काढला.

"तीन वर्षं कोण थांबतंय? घे."

कप तिनेच त्याच्या ओठाला लावला. एक घोट घेऊन डेसने तोंड वाकडं केलं.

"काढा आहे नुसता."

"तुझ्यासारखाच केलाय," वर्ना म्हणाली आणि तिला रडू फुटलं. डेसने उरलेला चहा संपवला आणि कसाबसा हात उचलून रिकामा कप तिच्यापुढे केला.

"रडतेस काय? दुसरा ओत."