लेकीच्या घरचं पाणी

"बाबा, निदान एक संत्रं तरी सोला न गा. तुमच्याच नागपूरचं आहे."

"तुले देल्लं ना? देल्लं ते तुयं झालं," असं म्हणून नत्थूजींनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि ते पुन्हा समुद्राकडे पाहत बसले. नुकतं उजाडत होतं.

नागपुरातल्या पाचपावलीतला हा विणकर हातमागाच्या खड्ड्यातून उठून उभ्या जन्मात पहिल्यांदाच सुट्टीवर निघाला होता. लेक देवकी कोकणातल्या एका चिमुकल्या बेटावर राहायची. जावई चंद्रभान तिथल्या दीपगृहाची बत्ती सांभाळायचा. आगगाडी, मग आगबोट, मग होडी. आल्यापासून म्हाताऱ्याचं नुसतं पोर झालं होतं! लाल खेकड्यांमागे धावले काय, पाण्यातून उसळणारे मोठाले मासे पाहून टाळ्या पिटल्या काय! समुद्रगरुडाचं घरटं पाहायला तर मान दुखेस्तोवर उभे राहायचे.

पण लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. तिला मूल होईपर्यंत बापाने तिच्याकडचं अन्नपाणी घेऊ नये, ही रीत. म्हणून सोबत सातूचं पीठ आणि किनाऱ्यावरच्या गावातून भरून आणलेल्या दोन घागरी. बेटावर गोड्या पाण्याची विहीर होती. पण अख्ख्या बेटावर घर एकच, मग विहीर दुसऱ्या कोणाची म्हणायची? त्यात वारा उठला, होडी यायची थांबली, घागरी रित्या झाल्या. कालपासून म्हाताऱ्याच्या पोटात घोटभर पाणी नव्हतं.

देवकीचा जीव तुटत होता. बापाची तहान बघवत नव्हती, आणि त्याहून ती रीत सोसवत नव्हती. मागच्या वर्षी तिला मुलगी झाली होती. दिवस मावळायच्या आत गेली. खबर नागपूरला पोचली, पण ते मूल झाल्यात कोणी धरलंच नाही. बापानेही कधी विषय काढला नाही, आणि आता घागर रिकामी झाली तरी पाणी नाकारून तो तिला तेच सांगत होता, की तुला मूल झालंच नाही.

"मामाजी, लवकर या! वाळू हलून राहिली!" खालून चंद्रभान ओरडला.

कासवीने पुरून ठेवलेली अंडी फुटली होती. करंजीएवढाली काळी पिल्लं वाळूतून वर येऊन धडपडत पाण्याकडे निघाली. नत्थूजींनी गुडघेच टेकले. "चाल गा, चाल! अरे, इकडं कुठं? समुद्र तिकडं आहे!"

तेवढ्यात घारीने झडप घातली आणि एक पिल्लू उचललं.

"हाड! हाड!" नत्थूजी उपरणं फिरवत धावले. घार केव्हाच उंच गेली होती.

"काहून धावता बाबा?" देवकी मागून म्हणाली. "गेलं ते गेलं. आपल्यात ते धरत नाहीत."

नत्थूजी जागच्या जागी थांबले. वळून त्यांनी लेकीकडे पाहिलं. मग तिथेच वाळूत बसले.

"देवके, पाणी आण."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तांब्या आणताना निम्मं पाणी तिच्या हातावर सांडलं. उरलेलं नत्थूजींनी एका दमात संपवलं आणि मिशा पुसल्या.

"कोणावर गेली होती वं?"

"तुमच्यावर," देवकी म्हणाली. "कपाळ असंच रुंद होतं."

नत्थूजींनी आपल्या कपाळावरून हात फिरवला आणि रिकामा तांब्या पुन्हा तिच्यापुढे धरला.