रंग नंतर चढवत्यात

गुंड्या, तू आता नुस्तं ऐक. मधी बोलू नको, न्हाईतर माझं निम्मं आतच ऱ्हाईल. पलटणीतनं सुट्टीवर आल्यापास्नं तीनदा इचारलंस तू मला, ह्या मोहरमला आपल्या पेठेत वाघ का न्हाई निघाला म्हणून. तिन्ही डाव मी इषय बदलला. कारण त्यात माझा हात हाय.

आता सिकंदरचाचाला तू बघितलाईस. वर्सभर दुकानात बसून गाद्या भरणारा माणूस, दाढीत कापूस, बोलणं कमी. पर मोहरम आला की अंगभर पिवळा रंग, त्यावर काळं पट्टं, कमरेला शेपूट, आन् हलगी सुरू झाली की त्यो पेठेतला चाचा ऱ्हायचाच न्हाई. तीस वर्सं नवसाचा वाघ. त्याच्याआधी त्याचा बाप. मेहरुनचाची म्हणायची, "तीस वरसं घरात वाघ हाय, पर एक उंदीर मारला न्हाई."

तर झालं काय, की त्याचा पोरगा राहील. पुण्यात मोठ्या कंपनीत. तीन वर्सांमागं कुणीतरी चाचाचा नाचतानाचा व्हिडिओ टाकला, त्यो फिरत फिरत राहीलच्या हापिसात गेला. लोकं हसली. त्यानं फोन करून बापाला सांगितलं, अब्बा, बास करा आता, वय झालं, उघड्या अंगानं रस्त्यात नाचताय. तवापास्नं राहील मोहरमला आलाच न्हाई. बायकोला न्हाई आणलं, पोरीला न्हाई. चाचानं त्या पोरीचा, अरिबाचा फोटो दुकानात गल्ल्याच्या वर लावला.

मग मागच्या हिवाळ्यात कोयनानगरला त्यो पिक्चर आला. संस्थानी काळातला. माणसं खाणारा वाघ, त्यानं गावंच्या गावं उठवली, मग एक शिकारी येतो त्याला मारायला, तसला. मला काम मिळालं हाकेवाली माणसं गोळा करायचं. डबं वाजवत रान उठवायला शंभर माणूस पाहिजे होता, मी उंब्रजातनं ट्रॅक्स भरभरून नेली. तिसऱ्या दिवशी शिवांजली मॅडम, डायरेक्टरची असिस्टंट, मला म्हणल्या, "शिवतेज, वाघासारखं चालणारं कोणी मिळेल का रे? हिरोला बघायला समोर काहीतरी हवंय. चेंडू लावून बघितला काठीवर, पण त्याची नजरच लागत नाही."

मी म्हणलो, आवं, आमच्याकडं वाघच हाय की.

चाचाला दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. येताना चाचा पिशवीत रंगाचं डबं घेऊन आला. पिवळा, काळा, वर जिभेला लाल. तितं त्येंनी त्याला राखाडी रंगाचा अंगाला चिकटणारा ड्रेस दिला, डोक्याला टोपी, सगळ्यावर पांढरं ठिपकं. चाचा आरशात बघून म्हणला, "ह्यो वाघ हाय का मुंगसाचं पिल्लू?" पर घातला. आन् झाडीतनं असा आला गुंड्या, दोन हात, दोन पाय जमिनीला, खांदा खाली, मान स्थिर. हिरो दोन पावलं मागं सरकला. खराच सरकला. डायरेक्टर खुर्चीतनं उठला.

तवा मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणल्या, "त्यांना सांगितलंयस ना, ते पडद्यावर दिसणार नाहीत? आपण त्यांना पुसून टाकणार नंतर. तिथं कॉम्प्युटरचा वाघ येणार."

मी म्हणलो, "व्हय, सांगितलंय."

न्हवतं सांगितलं. सांगणारच होतो. चहाच्या टायमाला चाचापाशी गेलो तर त्यो फोनवर. "राहील, बाळा, मी वाघ हाय रं त्यात. मेन. सगळा पिक्चर वाघावरच हाय." फोन स्पीकरवर होता. मग राहील म्हणला, "खरंच, अब्बा? मोठ्या पडद्यावर?" आन् मागनं बारकी अरिबा वरडली, दादाजी वाघ, दादाजी वाघ.

आता त्या टायमाला तोंड उघडतंय का कुणाचं?

संध्याकाळी चाचानं इचारलं, "रंग कवा लावायचा?" मी म्हणलो, "रंग नंतर चढवत्यात चाचा, कंप्युटरवर."

"म्हंजे अंग माझंच, पट्टं त्येंचं."

मी मान हलवली. व्हय म्हणलो न्हाई, पर मान हलवली.

बावीस दिवस गेला त्यो. रोज पहाटे उंब्रजातनं माझ्या गाडीवर, घाटात थंडीनं बोटं वाकडी व्हायची. गुडघं सुजलं होतं त्याचं. चाची तेल चोळायची आन् म्हणायची, सोडा आता, तर म्हणायचा, "वाघानं निम्म्यात सोडलं तर पिक्चर कुणाचा, शेळीचा?" आख्खं युनिट त्याला वाघोबा म्हणायचं. लाईटवाली पोरं त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवायची. मी त्याला जल्मात इतकं बोलताना बघितलं न्हवतं. रस्ताभर बोलायचा, बाप कसा चालायचा, हलगीचा कुठला ठेका आला की मान वळवायची.

शेवटच्या दिवशी वाघ मरायचा होता. चाचानं आधी पुढचा गुडघा टेकला. मग दुसरा. मग मान वळवून मागं बघितलं, जिकडनं आला त्या झाडीकडं, आन् तसाच हळू कलला. कुणी कट म्हणायला तयार न्हाई. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डायरेक्टरनं हात जोडलं. चाचा उठून मला म्हणला, "बघितलंस? बिनारंगाचा."

पिक्चर आला मे महिन्यात. कऱ्हाडच्या थेटरात पहिल्याच दिवशी पेठेतली चाळीस माणसं. राहील आला पुण्यासनं, बायको आयेशा, अरिबा. राहीलनं स्वता सगळ्यांची तिकिटं काढली, येईल त्याला सांगत होता, "आमचे अब्बा आहेत यात." चाचानं पांढरा शर्ट इस्त्री केलेला. मधल्या रांगेत बसला, एका बाजूला चाची, एका बाजूला अरिबा, पल्याड राहील. मी मागच्या रांगेत, बरोबर त्याच्या पाठीमागं.

मला वाटलं होतं, कदाचित ठेवला आसंल थोडातरी. खांदा, पाठ, कायतरी. येडा.

वाघ आला तवा थेटर उठलं. पेठेतली पोरं वरडली, चाचाऽऽ. चाचानं बी टाळी वाजवली. मग हात तसंच ऱ्हाईलं. त्या वाघाला केस होतं गुंड्या, मिशा होत्या, पोटाखाली कातडं हलत होतं. चाचानं हळूच आपलं हात मांडीवर ठिवलं आन् त्या हाताकडं बघितलं. अंधारात. पडदा सोडून.

अरिबा म्हणली, "दादाजी, तुम्ही कुठंयत?"

"थांब," त्यो म्हणला. "येतोय."

इंटरवलला मी बाहेर पळणार होतो, पर चाचानं मला दारातच गाठलं. बाजूला राहील, हातात पॉपकॉर्नचा मोठा डबा, माझ्याकडं बघतोय. इचारलं, अगदी साधं, "शिवतेज, मी पुढं हाय व्हय?"

मी म्हणलो, "पुढं हाय चाचा. शेवटाला."

आत गेला. आन् मग त्यो पुढं वाकून बसला बघ, सगळा येळ. वाघ आला की वाकायचा, गेला की मागं टेकायचा. शेवटाला वाघ मेला. आधी पुढचा गुडघा. मग दुसरा. मग मान वळवून झाडीकडं. सगळं त्याचंच होतं, गुंड्या. उचलून तसंच्या तसं ठिवलेलं. बायका रडत होत्या थेटरात. पर मी कुणाला दाखवू, की ही मान वळवायची तऱ्हा बघा, ही आमच्या चाचाची हाय? मान वाघाची होती.

लाईट लागलं. नावांच्या पाट्या सुरू झाल्या, मी वाचत होतो, माणसं आडवी येत होती. चाचाचं नाव दिसलं न्हाई.

अरिबानं परत इचारलं. जोरात. चार रांगा वळून बघाय लागल्या. चाचा म्हणला, "मी न्हवतोच गं त्यात. मी वाघाला शिकवायला होतो. असं चाल, असं बस, म्हणून."

"वाघ ऐकायचा तुमचं?"

"लय ऐकायचा."

राहीलनं बापाकडं बघितलं न्हाई. पोरीला उचललं आन् म्हणला, चला, गर्दी होईल. पेठेतली पोरं बी हसली न्हाईत. हसली असती तर बरं झालं असतं. जिन्यात चाचा माझ्याशेजारी आला. कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. म्हणला, "तुला म्हाईत होतं."

इचारलं न्हाई. नुस्तं म्हणला. मी खाली बघितलं.

आणखी दोन पायऱ्या उतरून म्हणला, "पेठेत कुणाला सांगू नको, तुला म्हाईत होतं म्हणून. उगं तुला शिव्या घालत्याल. मी सांगतो, माझीच समजण्यात चूक झाली."

आन् तसंच सांगितलं त्यानं. गाद्या घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला. "मीच येडा, मला वाटलं मी दिसणार." दोन महिने. मी समोरनं गेलो की हात वर करायचा, चहा घे म्हणायचा. मी घ्यायचो न्हाई.

मोहरमला हलगीवाली गेली दारात. वाजवत बसली तासभर. चाचा सुई घेऊन गादीला टाके घालत होता. उठला न्हाई. पेठेतलं वडीलधारं आप्पासो पाटील स्वता गेलं समजूत काढायला, तर त्येंना म्हणला, "आवं, पिक्चरमधला बघितला न्हाई का तुमी? तसला बघितल्यावर आता माझ्याकडं कोण बघंल."

राहीलचा फोन येतो म्हणं दर आयतवारी. मोहरमला यायला तयार होता ह्या वर्षी, चाचीनं सांगितलं. चाचानंच नको म्हणलं.

आता बोल. मला पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. मग ते बावीस दिवस त्याला मिळालंच नसतं, गाडीवर बसून बापाच्या गोष्टी सांगितल्याच नसत्या त्यानं. ते जाऊ दे, ते लांबचं झालं. मी झोपायला गेलो की इंटरवलचं आठवतंय. दार उघडं, राहील बघतोय, चाचा इचारतोय, मी पुढं हाय व्हय. तू तितं असतास गुंड्या, तर काय म्हणला असतास?