बुडण्याचा आवाज

मी एक सर्किट बोर्ड बोलतोय. बोलतोय म्हणणंही धाडसाचंच, कारण आता माझ्यातून आवाज निघत नाही.

कोत्का बंदरावरच्या एका कॉफीघरात, जहाजांच्या लढाईच्या खेळयंत्राच्या पोटात मी बत्तीस वर्षं काढली. माझ्यात आधी ध्वनिमुद्रित केलेलं काही नव्हतं. प्रत्येक आवाज मी त्या क्षणी विजेतून घडवायचो. तोफेचा, सुरुंगाचा, इंजिनाचा, असे सहा. सहावा जहाज बुडण्याचा, खर्जातला, लांबलचक गुडगुडाट.

मालक कौको रोज दुपारी खेळायचा आणि रोज हरायचा. गुडगुडाट झाला की त्याची बायको हेल्वी आतून ओरडायची, "बुडालास ना? ये आता, कॉफी निवतेय!"

कौको वारला. कॉफीघर बंद झालं. यंत्र त्याचा मित्र ताइस्तो घेऊन गेला. रेडिओ दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता.

पुढे हेल्वीने तोच खेळ संगणकावर मिळवला. चित्रं हुबेहूब, पण मुकी. माझे आवाज खऱ्या यंत्रावरून कुणी ध्वनिमुद्रित करून घालावे लागतात, ते कुणी केलंच नव्हतं. खेळ सुरू करताना पडद्यावर सहा ओळी यायच्या: फाइल सापडली नाही.

ती ताइस्तोच्या तळघरात आली. "बाकीचे राहू देत. मला तो बुडण्याचा हवाय."

"अगं, सगळे देतो. पण हा बोर्ड आता एकदाच काय तो तग धरेल."

"मग आधी बूड."

"आधी? कौको आहे का मी?" तो हसला. तीही हसली.

दहा मिनिटांत पाच आवाज मिळाले. आता फक्त हरायचं होतं. तेवढ्यात त्याची नजर गुणांवर गेली.

"हेल्वी, कस्टमवाल्या पेन्टीचा विक्रम! सव्वीस वर्षांचा! तीनशेच उरलेत."

"ताइस्तो, बूड रे!"

"दोनच मिनिटं. विक्रम मोडतो आणि बुडतो."

माझा एक जुना कपॅसिटर तापत होता. मी धरून ठेवलं. पुरेसं धरलं का, हे मला आजही सांगता येत नाही. बारीकसा स्फोट झाला, जळका वास आला. पडद्यावर ताइस्तोचं जहाज तरंगतच होतं.

ताइस्तोने यंत्राची वायर ओढून काढली. मग तो म्हणाला, "दुसऱ्या खेळातला घालू का? खर्जातलाच आहे."

"नको."

ताइस्तोने माझे सांधे तीनदा सोल्डर केले, भाग बदलले. मी उठलो नाही. शेवटी त्याने मला हेल्वीकडे दिलं. मी तिच्या संगणकाशेजारी असतो. सहांपैकी पाच ओळी गेल्या, एक राहिली. मी ताइस्तोला दोष देत नाही. मुद्दाम हरणं माणसांना जमत नसावं. कदाचित माझं चुकतही असेल.

मला काही मागण्याचा हक्क आहे का, ठाऊक नाही. तरी, माझ्यासारखा एखादा बोर्ड तुमच्याकडे अजून जिवंत असेल, तर आधी हरा, तो आवाज टिपा आणि कोत्काला पाठवा. हेल्वी रोज दुपारी खेळायला बसते. जहाज कलतं, पाण्याखाली जातं, आणि ती कान देऊन बसून राहते.