मीही हसले होते

सायन्सच्या प्रोजेक्टसाठी केळीचं खोड पाहिजे, हे मोनालीला मीच सांगितलं होतं.

आम्ही तेव्हा नववीत. केळीच्या खोडापासून धागा काढून दाखवायचा, असं माझ्या डोक्यात आलं होतं. बुऱ्हाणपूरच्या चारी बाजूंना केळीच केळी, पण माझं घर शहरात, शनवाऱ्याजवळ, बाबा ऑफिसात, आई शिकवण्या घेणारी. मी खोड आणणार कुठून? मोनालीच्या घरची बाग होती, तुकईथडला. शिकायला ती शहरातल्याच लालबागला मामाकडे राहायची आणि शनिवारी शाळा सुटली की बसनं गावी जायची. सातवीपासून आम्ही एका बाकावर. गणित तिचं, इंग्लिश माझं, डबा दोघींचा.

"ताजं पाहिजे हं," मी तिला म्हटलं. "सोमवारी सकाळीच आण. मॅडमना त्याच दिवशी दाखवायचंय."

"सकाळची बस लई भरेल राहते चारू. रविवारी संध्याकाळी आणून मामाकडे ठेवू का?"

"वाळून जाईल ना यार. प्लीज."

एका रात्रीत केळीचं खोड वाळत नाही, हे मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. तरी ती 'बरं' म्हणाली. मला नाही म्हणणं तिला जमायचं नाही, आणि ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी आमचा पांढरा ड्रेस असायचा. त्या दिवशी बस वाटेत खकनारलाच अर्धा तास अडकली. बसायला जागा नव्हती, म्हणून पोत्यात गुंडाळलेलं खोड मधल्या वाटेत आडवं ठेवून ती त्याच्यावरच बसून आली. मामाकडे जायला वेळ राहिला नाही. प्रार्थना संपून आम्ही वर्गात शिरत होतो, तेवढ्यात ती धापा टाकत आली, पोतं माझ्या पायाशी ठेवलं आणि म्हणाली, "घे तुझं ताजं खोड." मग दप्तर ठेवायला वळली.

मागून तिच्या कमीजवर हाताच्या पंजाएवढा तपकिरी डाग पडला होता.

मला बघताक्षणी कळलं. केळीचा चीक निघतो तेव्हा पाण्यासारखा असतो, कापडाला लागला की तपकिरी होतो, पुढे काळपट, आणि मग तो काही केल्या जात नाही. बागेत काम करणाऱ्यांचे कपडेच वेगळे असतात, हे मोनालीनंच मला कधीतरी सांगितलं होतं.

वैजयंतीला हे ठाऊक नव्हतं. वैजयंती आमच्या वर्गाची राणी म्हणावी अशी होती. सुट्टीत कोण कुणाजवळ उभं राहणार, कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही, सगळं तिच्या मर्जीवर. तिनं तोंडावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अरे, इसको तो पता ही नहीं!"

मुली खुसखुसल्या. मागच्या बाकावरून मयूर ओरडला, "रेड सिग्नल! रुको, रुको!" आणि अख्खा वर्ग हसायला लागला.

मोनालीनं पाठीमागे हात नेऊन चाचपून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. तिला वाटलं, चारू आता सांगेल. एकच वाक्य होतं. माझ्यासाठी खोड आणलंय तिनं, त्याचा चीक आहे तो. बस, एवढंच.

पण वैजयंतीही माझ्याकडेच बघत होती, हसत, मीही हसावं अशी वाट बघत.

मी हसले.

मोठ्यानं नाही. नुसते ओठ पसरले, क्षणभर. पण मोनालीनं ते पाहिलं. मग तिनं ओढणी कमरेला गुंडाळली, बाकावर बसली आणि शाळा सुटेपर्यंत जागची हलली नाही. डबा उघडला नाही, पाणी प्यायला गेली नाही. चौथ्या तासाला सायन्सच्या मालती मॅडमनी खोड पाहून विचारलं, "वा! कुठून आणलंस चारुलता?" मी म्हटलं, "ओळखीच्यांच्या बागेतून." ओळखीचं माणूस माझ्या शेजारी बसलं होतं.

त्यानंतर ते रोजचंच झालं. ती वर्गात शिरली की मुलं ट्रॅफिक पोलिसासारखे हात आडवे करायची. फळ्यावर लाल खडूनं सिग्नल काढलेला असायचा. एकदा तिच्या जागेवर कुणीतरी लाल शाई ओतून ठेवली. मोनाली कापडानं पुसायची आणि बसायची. मी तिच्या बाजूलाच असायचे. "लक्ष नको देऊ गं," असं म्हणायचे. हे म्हणताना मला फार बरं वाटायचं, जणू मी तिच्यासाठी काही करतेय.

तू हसलीस का, असं तिनं मला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडले असते, माफी मागितली असती, आणि सुटले असते.

दोनेक आठवड्यांनी शाळा सुटताना तिचा मोठा भाऊ ललित फाटकाबाहेर उभा दिसला. तो नेपानगरला एका गॅरेजमध्ये कामाला होता. वर्गात तिला छळतात, एवढं त्याच्या कानावर आलं होतं. सोबत दोन मोटरसायकली आणि तीन मित्र. त्यानं मलाच हाक मारली.

"ए चारू, तू तिची मैतरीण ना? कोण कोण हाय ते फक्त बोट दाखव. बाकीचं आम्ही पाहून घेतो."

मयूर तेव्हा दहा पावलांवर सायकल काढत होता. खरं सांगते, माझं बोट वर जायला निघालंच होतं. किती सोपं होतं ते. मयूरला मार बसला असता आणि सगळा गुन्हा त्याच्या अंगावर गेला असता. माझ्या हसण्याची आठवण कुणाला राहिली असती?

मोनाली मधे आली. "दादा, घरी जा."

"अगं, पण..."

"तू मारशीन, मंग मले शाळेतून काढतील. त्यायले नाही काढणार." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मारामारी नको. जा तू."

ललितनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "तुले तरी माहीत असंन ना, झालं काय ते?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

मोनाली शेजारीच उभी होती. तिनं नुसतं जमिनीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी मी सायकल घेऊन लालबागला तिच्या मामाच्या घरी गेले. कमल मामी अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

"मोनाली तं गावी गेली बाई. पोट दुखते म्हणे. आता तिचे बाबा म्हणून राह्यले, बस झालं बुऱ्हाणपूर, खकनारला नाव घालू."

दोरीवर तो पांढरा ड्रेस होता. डागाच्या जागी कापड इतकं विरलं होतं की पलीकडची भिंत दिसत होती, आणि डाग तरीही होता.

"लिंबू लावलं, मीठ लावलं, घासलेट लावलं," मामी म्हणाल्या. "घासून घासून पोरीच्या बोटाची सालं निघाली. मी विचारलं, कोणासाठी वाहून आणलं होतं गं ते खोड? तं सांगेच ना."

मला वाटत होतं, घरी तरी तिनं माझं नाव सांगितलंच असेल. सायकलवरून येताना मी उत्तरंसुद्धा तयार केली होती.

"माझ्यासाठी आणलं होतं," मी म्हटलं.

मामींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्या रागावल्या नाहीत. खरोखरच कळत नाही म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग तू बोलली काबरं नाही?"

घाबरले होते म्हणावं, तर मला कुणी मारणार नव्हतं, कुणी हाकलणार नव्हतं. वैजयंतीनं तोंड फिरवलं असतं, एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी मी मोनालीला विकलं होतं.

त्या आठवड्यात जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी प्रोजेक्ट निवडायचे होते. नववीचे दोन्ही वर्ग हॉलमध्ये बसले होते. माझं नाव आलं तेव्हा मी पुढे गेले. टेबलावर खोडाचा तुकडा होता, धाग्याची गुंडी होती आणि एक पांढरा रुमाल होता, ज्यावर मी आदल्या दिवशी संध्याकाळी खोडाच्या आतल्या ओल्या भागाचे चार थेंब पिळले होते.

पाठ केलेलं भाषण मी सुरूच केलं नाही. रुमाल वर धरला.

"हा केळीचा चीक आहे," मी म्हटलं. "काल यावर पाणी पडल्यासारखं दिसत होतं. आता असं दिसतंय. हे खोड मोनालीनं तुकईथडहून बसमध्ये आणलं. जागा नव्हती म्हणून ती त्याच्यावर बसून आली. तिच्या ड्रेसला तो डाग याचा होता. ज्याच्यावरून तुम्ही सगळे तिला इतके दिवस रेड सिग्नल म्हणताय, तो."

मग कुणीतरी मागून फिसकन हसलं, आणि वैजयंती म्हणाली, "तो तूने उस दिन क्यों नहीं बोला? तू भी तो हँसी थी."

तिचं खरं होतं.

"हो, मी पण हसले," मी म्हटलं. "मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं आणि मी हसले. तिनं हे माझ्यासाठी आणलं होतं. मॅडम, तुम्ही विचारलं तेव्हाही मी तिचं नाव नाही घेतलं. हा प्रोजेक्ट माझा एकटीचा नाही, आणि ती परत येत नाही तोवर मी तो कुठेही घेऊन जाणार नाही."

रुमाल टेबलावर ठेवून मी बाजूला झाले. मालती मॅडम खुर्चीत बसून राहिल्या. "फळ्यावर ते लाल चित्र मी दोनदा माझ्या हातानं पुसलं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, पोरांची मस्ती आहे." मग त्यांनी मोनालीच्या मामांना फोन लावला.

वैजयंती आणि मयूरच्या आईवडिलांना शाळेत बोलावलं. माझ्याही. माझं नाव मीच दिलं होतं. परतल्यावर दारात स्कूटर लावताना बाबा फक्त म्हणाले, "ते पोरगं किती वेळा आपल्या घरी जेवलंय चारू," आणि आत गेले. ते मोनालीला नेहमी 'ते पोरगं'च म्हणायचे.

वर्गात माझ्याशी कुणी बोलेना. 'हरिश्चंद्र की औलाद' असं माझं नाव पडलं. सुट्टीत मी एकटी डबा खायचे. खरं तर मला त्यात बरंच वाटायचं, निदान शिक्षा तरी होतेय. मोनाली आली की तिला हे दिसेल, असाही एक चोरटा विचार मनात होता.

ती पुढच्या सोमवारी आली. नवा ड्रेस घालून, मॅडमसोबत. आमच्या बाकाकडे आली नाही, पहिल्या रांगेत बसली. सुट्टीत मी तिला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं.

"मॅडमनी सांगितलं मला, तू काय बोलली ते," ती म्हणाली.

"मोना, मी खरंच..."

"तू सगळ्यांना सांगितलं की तो चीक होता."

"हो. रुमालावर दाखवलं पण."

ती नळाखाली हात धरून उभी होती. पाणी वाहत होतं. "आणि चीक नसता तर?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय ते.

"चीक नसता, ते जे समजत होते तेच असतं, तर? मग हसायला चालत होतं का?" तिनं नळ बंद केला. "तुलाही पाळी येते ना चारू? वैजयंतीलाही येते. मग तुम्ही हसत कशावर होता?"

हॉलमध्ये रुमाल वर धरताना मला वाटलं होतं, मी तिच्या बाजूनं उभी राहिले. आणि मी काय सिद्ध केलं होतं? तर ती निर्दोष आहे. जणू दुसरं काही असतं तर तिचा दोष होता.

"मला हे सुचलंच नाही," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मी मालती मॅडमच्या घरी गेले आणि मोनालीचा प्रश्न जसाच्या तसा त्यांना सांगितला. पुढच्या तासाला मॅडमनी पुस्तक मिटून ठेवलं आणि पाळीबद्दलचा जो धडा दरवर्षी 'घरी वाचा' म्हणून सोडून देतात, तो मुलांमुलींना एकत्र बसवून शिकवला. मयूर मान खाली घालून वहीत रेघा ओढत होता. तास संपल्यावर तो मोनालीच्या बाकापाशी गेला, काहीतरी पुटपुटला. तिनं मान हलवली. वैजयंती मात्र गेली नाही.

प्रदर्शनाला आम्ही दोघी गेलो. सगळं मोनालीनंच समजावून सांगितलं, न अडखळता. मी धागे ओढून दाखवत होते. आम्हाला बक्षीस नाही मिळालं.

बोलणं नंतर सुरू झालं. गणितं, परीक्षा, कोण कुठे ॲडमिशन घेतंय. पण ती पुन्हा माझ्या बाकावर बसली नाही, आणि दहावीनंतर तर शाळाच वेगळ्या झाल्या.

गेल्या दिवाळीत ती मला बसस्टँडवर भेटली. खंडव्याला बीएस्सी करतेय. गावी निघाली होती. उसाचा रस प्यायलो, हसलो, जुन्या मास्तरांच्या नकला केल्या. तिची बस लागली तेव्हा माझ्या तोंडून पुन्हा निघून गेलं, "मोना, त्या दिवशी मी..."

"किती वेळा म्हणशील?" ती म्हणाली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी माफ केलंय, खरंच. पण तुला बरं वाटावं म्हणून रोज रोज नाही करू शकत ना. ते तुझं तू बघ."

मग ती बसमध्ये चढली. खिडकीची जागा मिळाल्याचं तिनं हातानं खुणावलं, आणि मी बस वळेपर्यंत तिथेच उभी राहिले.