परीक्षेच्या आठवड्यातलं मौन

किल्लारीच्या भूकंपात निवृत्ती मास्तरांच्या नडगीवर भिंत कोसळली. पाय वाचला, पण आतलं हाड कुजकंच राहिलं. वर्षातून दोन-तीनदा जखम तोंड उघडायची, पू वाहायचा, बारीक ताप यायचा. मास्तर फडकं बांधून मोकळे! पुढं लातुरात घर बांधून त्यांनी वरच्या खोल्या मेडिकलच्या क्लाससाठी आलेल्या पोरींना भाड्यानं दिल्या आणि सगळा जीव त्यांच्या अभ्यासात घातला.

सिंधुबाईनं, त्यांच्या बायकोनं, दिवाळीत त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिडले. "मास्तर, हे दुखणं पायात राहत नाही. इतकी वर्षं अंगात सूज धुमसतेय. तिनं रक्तवाहिन्या आतून खराब होतात, मेंदूतल्यासुद्धा. तिथं गुठळी अडकली की लकवा. ते हाड काढून टाका."

"पोरींची परीक्षा होऊ द्या," मास्तर म्हणाले. दरसाल हेच. पोरी बदलायच्या, नडगी तीच. आता डॉक्टर व्हायचं पोरींना आणि ऑपरेशन थांबवायचं यांनी, हा कुठला न्याय? पण या माणसापुढं बोलायची सोय नव्हती.

परीक्षेच्या आठवड्यात घरात मौन. टीव्ही बंद, कुकर बंद, भात पातेल्यात. बोलायचं ते खुणेनं. नियम मास्तरांचा, आणि मोडायचेही तेच, पेपरवाल्यावरसुद्धा ओरडायचे.

परीक्षेच्या आदल्या सकाळी मात्र ते अंगणात खुर्चीवर गप बसले होते. सिंधुबाईनं खुणेनं चहाचं विचारलं. त्यांनी नुसतं पाहिलं. तिला हसूच आलं, मायाही आली. चहा तसाच निवला. पोरींची काळजी लागली असेल, असं समजून ती भाजी निवडायला बसली.

दुपारी ते खुर्चीवरून घसरले. उजवं अंग लुळं पडलं होतं. पोरींनीच उचलून रिक्षात घातलं.

"लकवा आहे," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. बोलणं कधीपासून बंद आहे?"

सिंधुबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"सकाळपासनं," ती म्हणाली. "मला वाटलं, पोरींसाठी गप बसल्यात. मी पाठीवरनं हात फिरवला, अन् कानात म्हणलं, आज लई शहाण्यावानी वागायलात, असंच ऱ्हावा."

डॉक्टरांनी नर्सला इंजेक्शन परत ठेवायला सांगितलं.