नाकावरची दुकानदारी

उदगीरच्या बाजारात चन्नबसप्पांचं काष्ठौषधांचं दुकान आहे, आणि त्या दुकानात एकाही डब्यावर चिठ्ठी नाही. चिठ्ठी ज्याला लागते त्यानं साबण विकावा, असं त्यांचं म्हणणं. झाकण उघडायचं, हुंगायचं, तोलायचं, ही त्यांची रीत. पुडीला दोरा बांधायचं काम सुनेचं, वर्षाराणीचं. ती चाकूरची; बोलायला कमी, हाताला चटपटीत.

ज्याच्या जिवावर एवढा तोरा, ते नाकच दिवाळीपासून बसलं होतं. कपाळ ठणकायचं, वाकलं की गाल जड व्हायचे आणि वास म्हणून कशाचा येईना. चन्नबसप्पांनी निदान स्वतःच केलं: पिनस, म्हणजे मुरलेली सर्दी. औषधही घरचंच. गरम पाण्याची वाफ, सुंठीचा काढा, कपाळावर विभूतीच्या खाली सुंठीचा लेप. त्यानं थोडं बरं वाटायचं. पण थोड्यावर थांबतील तर ते चन्नबसप्पा कसले! वेखंडाची पूड ते तपकिरीसारखी नाकात ओढायला लागले. शिंका यायच्या, पाणी वाहायचं, घटकाभर मोकळं वाटायचं आणि मग नाक आधीपेक्षा घट्ट बसायचं. की पुन्हा चिमूट.

"लातूरला दाखवून या की," बायको गुरम्मा म्हणायची.

"समदं गाव नाकासाठी माझ्याकडं येतंय, अन् मी कुणाच्या दारात जाऊ?"

नाकावर माशी बसू न देणारा माणूस. वास येत नाही, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. झाकण उघडून हुंगल्याचं सोंग करायचं आणि डब्याच्या जागेवरून माल द्यायचा, असं चाललं होतं. वास गेल्याचं कळलं तर दुकानात कोण येईल, ही भीती त्यांना आतून खात होती.

मग अमावास्येला फळ्या झाडल्या आणि डबे खालीवर झाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी कमलम्मा आली.

"अण्णा, वेखंड द्या. नातवाला लई सर्दी हाय. उगाळून छातीला लावावं म्हन्ते."

चन्नबसप्पांनी डबा काढला, झाकण उघडलं, हुंगलं. काही नाही. शेजारचा उघडला, तेच. एकात वेखंड, दुसऱ्यात कोळिंजन. दोन्हीचे तुकडे तपकिरी, गाठाळ, आणि त्यांच्या चष्म्याला सारखेच. त्यांनी एकातले तुकडे तोलले, कागदात गुंडाळले. हात थांबला. नातू जेमतेम चार महिन्यांचा. वेखंड म्हणून भलतंच त्या कोवळ्या अंगाला लागलं तर? आणि विचारावं तर कमलम्मा समोर बसलेली, आणि तिच्या तोंडाला कुलूप नाही.

मग त्यांनी आत हाक मारली.

"वर्षाराणी, ह्ये हुंग बरं. मला वास येईना गेलाय."

ती आली, तिनं हुंगलं. "मामा, ह्ये कोळिंजन हाय." तिनं दुसऱ्या डब्यातलं वेखंड बांधून दिलं. कमलम्मा एकदा अण्णांकडं, एकदा पुडीकडं बघत गेली. दुपारपर्यंत बाजारभर झालं.

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. अण्णा नाक मुठीत धरून लातूरला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिलं आणि सरळ सांगितलं. कपाळात, गालात हाडांच्या पोकळ्या असतात. त्यांची नाकात उघडणारी वाट सुजली की पाणी आत तुंबतं, म्हणून ठणका. वासही त्या सुजेपायी येत नाही.

"वाफ घ्या, जपून. काढा सोसत असेल तर प्या. पण सुजलेल्या नाकात पूड? मामा, जखमेवर रोज तिखट चोळत होतात तुम्ही."

पूड बंद झाली. उकळून कोमट केलेल्या मीठपाण्यानं नाक धुणं आणि नाकात मारायचा फवारा सुरू झाला. ताप आला किंवा डोळ्याभोवती सूज आली तर घरी बसायचं नाही, हेही बजावलं.

घरी आल्यावर एकच गोष्ट त्यांना जेवू देईना. शेवटी त्यांनी सुनेला विचारलं.

"इतक्या दिवसांत किती पुड्या चुकीच्या गेल्या असतील गं?"

"एकबी न्हाई."

"तुला काय ठाव?"

"दोरा बांधताना हुंगत होते की. दिवाळीत माझा उपमा करपला, तुमी चांगला झालाय म्हनलात. तवाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगायची वाट बघत होते."

चन्नबसप्पांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं.

पुढं वास हळूहळू परतला. आधी हिंग, मग ओवा, सगळ्यात शेवटी वेखंड. डब्यांवर चिठ्ठ्या अजूनही नाहीत. अण्णा झाकण उघडतात, हुंगतात, तोलतात. पण पुडी सुनेच्या हातात दिली की आता गिऱ्हाइकाकडं वळत नाहीत. ती हुंगून दोऱ्याला हात घालेपर्यंत थांबतात.