कुरकुर बंद पडलेलं घर

जहाजावरच्या बंडांचा विषय निघाला की कप्तानबाईंच्या अंगात यायचं. बोटीवरचे अधिकारी घडवणाऱ्या संस्थेत त्या शिकवत. कप्तानबाई हे नाव पोरांनी पाठीमागे ठेवलेलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

"बंड खलाशी करत नाहीत रे, कप्तान करवून घेतो," त्या टेबलावर हात आपटून सांगायच्या. "एका जहाजावर नारळ चोरीला गेले. नारळ, सोनं नव्हे! कप्तानाने सगळ्यांना चोर ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच होडीत बसून हेलकावे खात होता. दुसऱ्या एका जहाजावर मांसात अळ्या निघाल्या. वरचे म्हणाले, धुऊन खा. घ्या, जहाजच गेलं हातचं. आता सांगा, बंडाच्या आधी जहाजावर काय ऐकू येतं?"

"आरडाओरडा," एक जण म्हणाला.

"शिव्या," दुसऱ्याने भर घातली.

"काही नाही! काहीच ऐकू येत नाही. खलाशी कुरकुर करतो ना, चहा पाणचट आहे, गादी टोचते, तोवर तो तुमचा असतो. तुम्ही ऐकाल असं त्याला अजून वाटत असतं. कुरकुर बंद पडली आणि जो तो 'होय साहेब' म्हणायला लागला, की समजा, पाणी मुरतंय."

पोरं माना डोलवायची. बाई घरी यायच्या. आणि ही सगळी अक्कल संस्थेच्या फाटकावरच राहायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरात माणसं तीन. बाई, त्यांची म्हातारी अम्मी, जिला सगळे नानी म्हणत, आणि बारावीला असलेली लेक. नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. लेकीला लहानपणापासून जहाजच चालवायचं होतं. बापासारखं खाली इंजिनात नव्हे, वर सुकाणूपाशी.

मागे एकदा जेवताना ती म्हणाली होती, "अम्मी, मला हिजाब घालायचाय."

बाईंचा घास हातातच राहिला. "माझ्या घरात नाही. ज्या बुरख्यातून सुटायला मी जिवाचं रान केलं, त्यात तू आपल्या पायाने शिरणार?"

"बुरखा नाही म्हणत मी. डोक्याला स्कार्फ. पण का नाही?"

"मी सांगते म्हणून. विषय संपला."

हे उत्तर पहिल्या वर्षाच्या पोराने पेपरात लिहिलं असतं, तर बाईंनी लाल शाईने भोपळा दिला असता.

त्या दिवसापासून लेक एकदम गुणी झाली. एरवी ही पोरगी म्हणजे कुरकुरीचं माहेरघर. चहात साखर जास्त, आरशावरचा दिवा मंद, नानीचा रेडिओ मोठा, सगळ्यावर तिचं मत असायचं. आता काही विचारलं की "हो अम्मी", काही सांगितलं की "ठीक आहे अम्मी". बाई खूश. नवऱ्याला फोनवर म्हणाल्या, "पोरीला समज आली हो." नवरा एवढंच म्हणाला, "असं कसं?" पण बाईंनी ते कानाआड केलं.

मग एका संध्याकाळी लेक शांतपणे म्हणाली, "अम्मी, तुमच्या संस्थेत मी अर्ज नाही करत. खालाकडे जाते. तिकडच्या कॉलेजात हिशेबाचं शिकेन."

खाला म्हणजे बाईंची बहीण, पार दुसऱ्या टोकाला राहणारी.

"आणि जहाज?"

"नको आता. ठीक आहे अम्मी."

ना रडणं, ना भांडण. त्या 'ठीक आहे'मध्ये बाईंना पहिल्यांदा ती शांतता ऐकू आली, जी त्या वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होत्या. घरात बंड होऊनसुद्धा गेलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून बाई दुपारीच परतल्या. जिन्याच्या वळणावर विजेचे मीटर होते. तिथे लेक उभी होती, मीटरच्या काचेत बघत. डोक्यावर निळा स्कार्फ. तिने सवयीच्या हातांनी टाचण्या काढल्या, स्कार्फचा बोळा केला, मीटरच्या पेटीमागे कोंबला, केस सारखे केले आणि वर निघून गेली. बाई खालच्या पायरीवर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

त्यांना राग आला नाही. आली ती शरम. कारण हेच त्यांनी केलं होतं, फक्त उलटं. कॉलेजला जाताना जिन्याखाली बुरखा काढून पिशवीत कोंबायचा, येताना तिथेच चढवायचा. अब्बांना कधी कळलं नाही, अम्मीला कधी कळलं नाही. निदान बाई तरी असंच समजत होत्या.

वर येऊन त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. नानी लसूण सोलत बसली होती. बाईंनी आवाज खाली ठेवून तिला सगळं सांगितलं, आपलं जुनं गुपितही सांगून टाकलं. नानीने मान वर केली नाही.

"रोज पिशवीत कोंबायचीस ना? मग सकाळी तो कधी चुरगळलेला मिळाला का गं तुला?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत बाईंच्या डोक्यातच आला नव्हता.

"दुपारी तू आडवी झालीस की मी इस्त्री करून खुंटीला लावायचे. सुरकुत्या दिसल्या असत्या तर तुझ्या अब्बांनी घर डोक्यावर घेतलं असतं."

"अम्मी, तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मी माझ्या आवडीने घालत होते, तुला आवडत नव्हता. माझ्या मनाला लागायचं, नाही असं नाही. पण भीती वेगळीच होती. एक दिवस ही जिन्यावरून खाली जाईल आणि परत वर येणारच नाही, ही." नानीने फुंकर मारून सालं उडवली. "तुझी पोरगी तर आता बॅग भरतेय."

बाई तिथेच, ओट्याला धरून रडल्या. त्यांचं भांडण कापडाशी कधी नव्हतंच. आपल्याला न विचारता आपलं ठरवलं जातं, याच्याशी होतं. आणि आज त्या स्वतः तेच करत होत्या.

सकाळी लेक अंघोळीला गेल्यावर बाई तशाच चपला अडकवून खाली गेल्या. पेटीमागे हात घातला, जाळी-जळमटांसकट स्कार्फ ओढून काढला. वर आणून झटकला, इस्त्री तापवली. हाताला सवय नव्हती, कपडे लॉन्ड्रीत जायचे. तरी एकेक सुरकुती काढली. मनाला अजून पटलं नव्हतं, हात मात्र चालत होता. परत मीटरमागे ठेवावा, असं एकदा वाटलं. पण नको. पोरीने मीटरच्या काचेत बघून का तयार व्हावं? घरात आरसा आहे. त्यांनी स्कार्फ दाराजवळच्या आरशाशेजारी खुंटीला लावला.

लेक कॉलेजची बॅग घेऊन बाहेर आली आणि थबकली.

बाई गॅसपाशी उभ्या होत्या. "तू 'का' विचारलं होतंस, मी उत्तर दिलं नाही. आता तू सांग, मी ऐकते. सगळं पटेलच असं नाही म्हणत. पण ऐकेन. आणि तुला जायचंच असेल तर जा, पण माझ्यामुळे जहाज सोडू नकोस."

लेकीने बॅग खाली ठेवली. आता 'हो अम्मी' आलं, तर सगळं संपलं.

लेकीने स्कार्फ काढून उलगडला. अजून कोमट होता. तिने तो उजेडाकडे धरला.

"अम्मी! किती गरम ठेवलीस इस्त्री? कड करपली बघ इथे! नायलॉनला कुणी एवढी तापवतं? आणि या आरशावरचा दिवा कधी बदलणार आपण, मीटरच्या काचेत बरं दिसतं याच्यापेक्षा! आणि तुमच्या संस्थेची ती टोपी, ती स्कार्फवर बसत नाही, मी तिथे शिकणाऱ्या शेजारच्या ताईची घालून बघितलीय. तू गणवेशाच्या समितीत आहेस ना? काय करता काय तुम्ही तिथे, नुसता चहा पिता?"

"झाली, झाली सुरू कटकट," आतून नानी म्हणाली.

बाईंनी डोळे पुसले, गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसल्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "टोपीचं आधी सांग."